नोटपॅड प्लस प्लस या प्रोग्रॅम लिहायच्या एडिटरमध्ये नको असलेले रंग येतात, ते कसे घालवायचे?

तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी आहेत. नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या संत्र्याच्या दरांचा, पायथन या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम उघडला की सगळी अक्षरं एकाच करड्या रंगात दिसतात. ‘कळमना’ शब्द येईल तिथे मागे आकाशी पट्टा असतो. आणि पार्श्वभूमी गडद केली तर शब्दांमागे पांढरी ठिगळं उरतात. बर्डीहून घेतलेल्या जुन्या कम्प्युटरवर सॉफ्टवेअर पुन्हा टाकूनही फरक पडला नाही, असंही तुम्ही लिहिलंय.

या तिन्ही रंगांचा उगम वेगवेगळा आहे, म्हणून एकाच जागी बदल करत राहिलात तर गुंता वाढेल. आधी रंग कुठून येतोय ते ओळखा, मग हात लावा.

सगळ्यात सोपं आधी तपासा. खिडकीच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात फाइलचा प्रकार लिहिलेला असतो. तिथे ‘नॉर्मल टेक्स्ट फाइल’ असेल तर रंग बिघडलेलेच नाहीत. एडिटरला हा पायथन आहे हे कळलेलं नाही. लँग्वेज मेनूतून ‘पी’ अक्षराखाली पायथन निवडा. विंडोज एक्स्टेन्शन (फाइलच्या नावाचं शेपूट) लपवत असल्यामुळे फाइल ‘डॉट पीवाय डॉट टीएक्सटी’ अशी सेव्ह झालेली बऱ्याचदा सापडते. तसं असेल तर नाव दुरुस्त करा, नाहीतर दर वेळी हेच करावं लागेल.

तिथे ‘पायथन फाइल’ दिसत असूनही सगळं एका रंगाचं असेल, तर दोष जवळजवळ नक्की ग्लोबल ओव्हरराइडचा, म्हणजे सगळ्यांवर एकच रंग लादणाऱ्या सेटिंगचा. सेटिंग्ज मेनूतून स्टाइल कॉन्फिगरेटर उघडा. डावीकडच्या यादीत सगळ्यात वर ग्लोबल स्टाइल्स आहे. त्यावर क्लिक करून शेजारच्या यादीत ग्लोबल ओव्हरराइड निवडा. ‘एनेबल ग्लोबल फोरग्राउंड कलर’ या चौकटीत टिक असेल तर की-वर्ड (पायथनचे राखीव शब्द), आकडा, कॉमेंट सगळ्यांचा स्वतःचा रंग पुसला जातो. फक्त फॉन्ट बदलायला आलेल्या माणसाच्या हातून ही टिक सहज लागते. ती काढा, शेजारच्या बॅकग्राउंडचीही काढा, आणि ‘सेव्ह अँड क्लोज’ दाबा. नुसतं एस्केप दाबलंत तर बदल राहत नाही. आता की-वर्ड निळे, कॉमेंट हिरव्या, आकडे लाल दिसायला हवेत.

पण एखाद्या ओळीपासून फाइलच्या शेवटपर्यंत सगळं नारिंगी झालं असेल, तर सेटिंगला बोट लावू नका. तिहेरी अवतरण (सलग तीन अवतरणचिन्हं) उघडलंय आणि मिटवलेलं नाही. रंग तुम्हाला खरी चूक दाखवतोय. नारिंगी जिथे सुरू होतो ती ओळ पाहा.

आकाशी पट्टा ही थीमची, म्हणजे एडिटरच्या ठरलेल्या रंगसंचाची, गोष्टच नाही. राइट-क्लिकच्या मेनूत ‘स्टाइल ऑल ऑकरन्सेस ऑफ टोकन’ आहे, कॉपी-पेस्ट करताना माउस घसरून त्यातली पहिली स्टाइल लागते. सर्च मेनूतल्या क्लिअर स्टाइलमध्ये ‘क्लिअर ऑल स्टाइल्स’ निवडलं की पट्टे जातात. या खुणा फाइलमध्ये साठवल्या जात नाहीत, त्यामुळे फाइल दुसऱ्याला पाठवली तरी काळजी नाही. शब्द निवडताच हिरवा उठणारा आणि दुसरीकडे क्लिक केल्यावर जाणारा रंग वेगळा, तो स्मार्ट हायलाइटिंगचा. तो नको असेल तर सेटिंग्ज मेनूतल्या प्रेफरन्सेसमधल्या हायलाइटिंगच्या पानावर बंद करा.

आता ठिगळं. तुम्ही ग्लोबल स्टाइल्समधल्या डिफॉल्ट स्टाइलची पार्श्वभूमी काळी केलीत, पण पायथनच्या प्रत्येक प्रकाराला, म्हणजे की-वर्ड, स्ट्रिंग, कॉमेंट यांना, आपापली पांढरी पार्श्वभूमी लिहून दिलेली आहे. ती तशीच राहिली. एकेक बदलत बसू नका. कॉन्फिगरेटरच्या माथ्यावर ‘सिलेक्ट थीम’ आहे, तिथे ऑब्सिडियन किंवा झेनबर्न घ्या. किंवा प्रेफरन्सेसमधून डार्क मोड लावा. डार्क मोड लावला की थीमची फाइलही वेगळी होते, त्यामुळे उजेडातल्या थीममध्ये केलेले बदल तिथे दिसत नाहीत. पुष्कळ जण इथेच ‘सेव्ह होत नाही’ म्हणून वैतागतात.

इतका उलटापालट झाल्यावर मूळ रंग परत आणणं मला जास्त बरं वाटतं. आधी डार्क मोड बंद करून थीम ‘डिफॉल्ट’ निवडा आणि एडिटर पूर्ण बंद करा. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, उघडणाऱ्या चौकटीत दोन टक्केचिन्हांच्या मध्ये रोमन लिपीत ‘ॲपडेटा’ टाइप करून एंटर दाबा. तिथल्या नोटपॅड प्लस प्लसच्या फोल्डरमध्ये ‘स्टायलर्स डॉट एक्सएमएल’ असते. ती डिलीट न करता तिचं नाव बदला, कारण चुकलं तर परत घेता येते. एडिटर सुरू करताच कोऱ्या नमुन्यावरून नवी फाइल तयार होते. पुन्हा इन्स्टॉल करून तुम्हाला फरक दिसला नाही तो यामुळेच: तुमचे रंग या फोल्डरमध्ये राहतात, वरून सॉफ्टवेअर टाकल्याने ते पुसले जात नाहीत.

यानंतरही ‘मृग बहार’, ‘आंबिया बहार’ अशा मराठी कॉमेंटखाली लाल नागमोडी रेघ दिसली, तर ती डीस्पेलचेक या स्पेलिंग तपासणाऱ्या प्लगइनची (एडिटरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमची). ते इंग्रजी शब्दकोशाने मराठी तपासतंय. प्लगइन्स मेनूतून त्याची आपोआप तपासणी बंद करा.