अमेरिकेतील ऑनर्सचा उगम: शिकवणारे वेगळे, तपासणारे वेगळे

नव्या शैक्षणिक धोरणातील चार वर्षांची ऑनर्स पदवी आणि अमेरिकी विद्यापीठांतील ऑनर्स एकच का, असे आपण विचारले आहे. नाव एक असले तरी कुळी वेगळी. आपल्याकडे मुख्य हिशेब जादा वर्षाचा आणि जादा क्रेडिटचा आहे. तिकडे सुरुवात झाली ती परीक्षेची पद्धत बदलण्यापासून.

ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकलेले इंग्रजीचे प्राध्यापक फ्रँक एडेलॉट १९२१ मध्ये फिलाडेल्फियाजवळच्या स्वार्थमोर महाविद्यालयाचे अध्यक्ष झाले. सर्वांना एकाच चालीने हाकल्यामुळे हुशार मुले मागे राहतात, हे त्यांचे ठाम मत होते. १९२२ मध्ये इंग्रजी साहित्य आणि सामाजिक शास्त्रे यांत ऑनर्स सुरू झाले. निवडलेल्या विद्यार्थ्यांना शेवटच्या दोन वर्षांत सक्तीची हजेरी आणि नेहमीच्या सत्र परीक्षा यांतून मोकळीक मिळाली. त्याऐवजी आठवड्याला लहान गटाच्या बैठका, पुष्कळदा प्राध्यापकांच्या घरीच, होत. एखाद्याने टिपण लिहून आणायचे आणि बाकीच्यांनी त्याची चिरफाड करायची.

खरी मेख शेवटी होती. दोन वर्षांनंतर बाहेरच्या विद्यापीठांतील अभ्यासक लेखी परीक्षा घेत, मग समोर बसवून तोंडी. ऑनर्सची श्रेणीही तेच ठरवत. गुण आपल्या हाती नसल्यामुळे प्राध्यापक विद्यार्थ्याच्या बाजूला येऊन बसत असे, आणि त्याला खूश ठेवण्यात विद्यार्थ्याचा काही लाभ नसे. (आपल्याकडे प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल येतात, पण शेजारी इंटर्नलही बसलेले असतात!)

१९५७ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जोसेफ कोहेन यांच्या पुढाकाराने आंतरविद्यापीठ समिती स्थापन झाली आणि ऑनर्स मोठ्या सरकारी विद्यापीठांत पसरले. १९६६ मध्ये ऑनर्स चालवणाऱ्या संस्थांची राष्ट्रीय परिषदही निघाली. मात्र या प्रसारात बाह्य परीक्षक बहुतेक ठिकाणी गळाले, आणि छोटे वर्ग, प्रबंध, वेगळे वसतिगृह एवढे उरले. दरवर्षी बाहेरचे विद्वान बोलावणे खर्चाचे आहे हे मान्य, तरी माझ्या मते तिथेच गाभा गेला. स्वार्थमोरने तो आजही राखला आहे.

तेव्हा पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवून आपण संशोधनासह ऑनर्स घेणार असाल, तर प्रवेशापूर्वी महाविद्यालयाला एवढे जरूर विचारा: प्रबंध मार्गदर्शकच तपासणार, की बाहेरचे कोणी?