सोलापुरात चार वर्षं शेडमध्ये उभी असलेली प्रीमियर पद्मिनी सुरू कशी करावी?

थेट सेल्फ मारू नका, कोरड्या सिलिंडरला ओरखडे पडतात. चारही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडून रात्रभर मुरू द्या. सकाळी टॉप गिअरमध्ये गाडी हळू ढकला. इंजिन अडलं तर जोर नको, आणखी तेल सोडा. फिरलं की ऑइल बदला, कॉइलची (स्पार्कला वीज देणारी) वायर काढा आणि प्लग न लावताच ऑइलचा दिवा विझेपर्यंत थोडा थोडा सेल्फ मारा.

खरी गोम पेट्रोलची. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते उडून जातं, कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक छिद्रांत, चिकटा उरतो. टाकी रिकामी करा, जेट धुवा, रबरी नळ्या नव्याच टाका. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (स्पार्कसाठी उघडझाप करणारे संपर्क) बारीक पॉलिश पेपरने घासा. स्पार्क आहे पण कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोलच येत नाही? बहुधा पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) गेलाय.