पिशव्यांवरचा पत्ता

प्रिय बाळा,

काल रात्री तू पाठवलेली, तुझ्या मित्राच्या त्या वेबसाइटवाल्या साखळी प्लॅनची पीडीएफ आज सकाळी पोहे परतता परतता उघडली. दोन पानं वाचली, गॅस बंद केला आणि टेबलाशी बसून पुन्हा पहिल्यापासून वाचली. तू विचारलंयस, "मावशी, उद्या संध्याकाळपर्यंत सांगायचंय, हो म्हणू ना?" फोनवर 'नको' एवढंच म्हणून ठेवून दिलं असतं तर तुला ते पटलं नसतं, आणि नुसत्या तेवढ्यावर पटायलाही नको. म्हणून सविस्तर लिहिते.

तुला पैसे कशाला हवेत ते मला ठाऊक आहे. द्राक्षाचे घड तयार होते तेव्हाच दिंडोरीला अवकाळी झाला, मणी तडकले, व्यापाऱ्याने भाव पाडला, आणि तुझी शेवटच्या वर्षाची फी अजून भरायची आहे. तू हावरट आहेस असं माझ्या मनातही येत नाही. तेव्हा पुढचं वाचताना मावशी रागावली आहे असं समजू नकोस.

आधी प्लॅनचा हिशेब. दरमहा ९९९ रुपये भरायचे. त्यात एक डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता, साइट ठेवायला सर्व्हरवर, म्हणजे सतत चालू असणाऱ्या कॉम्प्युटरवर, थोडी जागा (यालाच होस्टिंग म्हणतात), दहा ईमेल. तू पाच जण आणायचे, त्या प्रत्येकाने पाच, अशा पाच लेव्हल. खालच्या प्रत्येक आयडीच्या, म्हणजे नोंदवलेल्या माणसाच्या, महिन्याच्या पैशातले दहा टक्के तुला. शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात महिना ३,९०,५०० रुपये.

बेरीज त्यांनी बरोबर केली आहे. ५, २५, १२५, ६२५ आणि ३,१२५ मिळून ३,९०५ माणसं, प्रत्येकाचे साधारण शंभर रुपये. आता हाच पाढा पुढे म्हण. सहाव्या लेव्हलला १५,६२५, सातव्या लेव्हलला ७८,१२५, आठव्या लेव्हलला ३,९०,६२५ आणि नवव्या लेव्हलला १९,५३,१२५. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती. पाळण्यातल्या बाळापासून रामकुंडावर बसलेल्या आजोबांपर्यंत सगळ्यांच्या नावावर एकेक वेबसाइट केली तरी नववी लेव्हल भरत नाही.

हे तुला कुणीतरी आधी सांगितलंही असेल, आणि "आपण लवकर शिरतोय ना, मग आपल्याला काय" असं उत्तरही मिळालं असेल. म्हणून मी दुसरा हिशेब मांडते, तो वहीत करून बघ. नऊ लेव्हल सोड, पाचच घे. सगळं पीडीएफमध्ये लिहिल्याप्रमाणे सुरळीत झालं, प्रत्येकाने बरोबर पाच माणसं आणली, कुणीही मधे सोडून गेलं नाही असं धर. तुला धरून ३,९०६ माणसं. त्यातली तळाची ३,१२५ महिन्याला ९९९ भरतात, हाती काही येत नाही. त्यांच्या वरच्या ६२५ जणांखाली पाच-पाच माणसं आहेत, म्हणजे पाचशे रुपये आले आणि ९९९ गेले. दोन्ही मिळून ३,७५० माणसं तोट्यात. शंभरातली शहाण्णव! आणि हे प्लॅन यशस्वी झाला तर. स्वतःचे ९९९ वसूल करायलाच तुला दहा चालू आयडी लागतात, आणि त्या दहांमध्ये पहिली नावं कुणाची येणार? तुझ्या चुलत बहिणीचं, रूममेटचं, गावातल्या मेडिकलवाल्याचं. सेमिनारमध्ये शंभर नावांची लिस्ट करायला लावतात ना, ती लिस्ट एकदा डोळ्यांसमोर आण.

आता माझी गोष्ट सांगते. तुझ्या आईलाही ती अर्धीच माहीत आहे.

२००८ साली मी सव्वीस वर्षांची होते. अशोक स्तंभाजवळ एका जुन्या वाड्यात माडीवरची खोली भाड्याने घेऊन वेबसाइट बनवायचं शिकत होते. तेव्हा असाच एक प्लॅन माझ्याकडे आला. महिना दहा डॉलर, डोमेन आणि होस्टिंग, खाली पाच लेव्हल. डॉलरमध्ये पैसे भरायला माझ्याकडे कार्डही नव्हतं, मामेभावाचं वापरलं. भांडी बाजारातले तांब्या-पितळेचे एक दुकानदार मला मुलीसारखं मानायचे. मी त्यांना म्हटलं, काका, तुमचं दुकान जगभर दिसेल. त्यांना जगाचं काही पडलं नव्हतं, माझ्यासाठी हो म्हणाले. त्या प्लॅनमध्ये नुसतं गिऱ्हाईक असा प्रकारच नव्हता. जो यायचा तो मेंबर. त्यामुळे काकांचीही आयडी लावली आणि त्यांच्या दुकानाच्या नावाचं डॉट कॉम माझ्या ईमेलवर, माझ्या खात्यातून घेतलं. काका मला दरमहा रोख पैसे द्यायचे, मी कार्डावरून भरायचे.

माझ्याखाली चार माणसं लागली, दोन महिन्यांत दोन गळाली. दीड वर्षाने मीही कंटाळून पैसे भरणं सोडलं. आपल्या खात्याबरोबर काकांचंही बंद पडेल हे मला कळायला हवं होतं. मुदत संपत आल्याची पत्रं ज्या ईमेलवर येत होती तो मी उघडतच नव्हते. डॉट कॉमची मुदत संपली की नाव लगेच हातचं जात नाही. काही दिवस नेहमीच्या दराने ते पुन्हा भरता येतं, मग तीसेक दिवस जबर दंड भरून सोडवता येतं, त्यानंतर पाच दिवसांनी ते मोकळं होतं आणि जगात कुणीही ते घेऊ शकतं. काकांचं नाव असंच कुणीतरी घेतलं. उघडलं की परक्या जाहिरातींचं पान यायचं.

लग्नसराईच्या तोंडावर काका माझ्या खोलीचा जिना चढून आले. हातात खाकी कागदाची पिशवी. दोन हजार पिशव्या छापून घेतल्या होत्या, वर कलशाचं चित्र आणि खाली वेबसाइटचा पत्ता. एवढंच विचारलं, "ताई, हा पत्ता कुठे गेला?" आवाज चढवला नाही.

मी नवीन नाव घेतलं, या वेळी त्यांच्या नावावर आणि त्यांच्या मुलाच्या ईमेलवर. पिशव्या फेकणं परवडणारं नव्हतं. मी, काकू आणि दुकानातला मुलगा, तिघांनी दोन संध्याकाळी बसून दोन हजार पिशव्यांवर नव्या पत्त्याच्या पट्ट्या चिकटवल्या. पट्टी थोडी जरी तिरकी लागली तरी खालून जुन्या पत्त्याचं शेवटचं अक्षर डोकावायचं, की काकू ती काढून पुन्हा लावायच्या. त्या दोन संध्याकाळी मी होस्टिंग म्हणजे काय ते शिकले. एखाद्याने आपल्या दाराची पाटी आपल्या हाती दिलेली असते. महिना कसाही जावो, ती उतरता कामा नये.

या साखळ्यांना होस्टिंगच का आवडतं, याचा मी पुढे बराच विचार केला. द्राक्षाची पेटी विकायची तर मणी चाखून बघता येतो, वजन करता येतं, नासला तर चार दिवसांत वास येतो. होस्टिंगचं तसं नाही. एका सर्व्हरवर शेकडो खाती बसतात, आणखी एक उघडायला खर्च जवळजवळ काहीच नाही. गोडाऊन नको, ट्रक नको. आणि ज्याने ते नुसतं आयडी चालू राहावी म्हणून घेतलंय तो साइट उघडूनही बघत नाही, त्यामुळे तक्रार येत नाही. "आम्ही प्रॉडक्ट देतो, ही चेन नाही" असं म्हणायला याहून सोयीचा माल कुठे मिळणार? तुझ्या मित्राची साइट मी आज उघडून पाहिली. तिच्यावर दुकान नाही, माल नाही, फोटो नाही. तीच पीडीएफ आहे आणि खाली 'आजच जॉइन करा' असं बटण.

भावही बघ. वर्षाचे झाले ११,९८८ रुपये. आपल्या ऑफिसात साध्या दुकानाच्या साइटला डोमेन धरून आपण वर्षाला चार हजार घेतो. पाच लेव्हलचे दहा-दहा टक्के म्हणजे ९९९ मधले पाचशे तर वर वाटायलाच गेले, ते सर्व्हरपर्यंत पोचणारच नाहीत. वर एसएसएलचे, म्हणजे साइटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या प्रमाणपत्राचे, वेगळे पैसे लावलेत. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं असं प्रमाणपत्र फुकट मिळतं, ते तू स्वतः माझ्यासमोर तीनदा बसवलं आहेस.

कायद्याचं थोडक्यात सांगते. पैसा फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा १९७८ पासून आहे. त्यात योजना चालवणाराच नाही, माणसं नोंदवणारा आणि भाग घेणाराही सापडतो, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैदेची आहे. डिसेंबर २०२१ मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे नियम आले. पिरॅमिड योजना, म्हणजे माणसाखाली माणसं जोडत नेणारी अशी साखळी, चालवायला आणि तीत लोकांची नावनोंदणी करायला त्यांत कंपनीलाही मनाई आहे आणि विक्रेत्यालाही. म्हणजे उद्या कुणी तक्रार केली तर "मला वरून सांगितलं होतं" हे म्हणून तू सुटशील असं नाही. चुलत बहिणीच्या आयडीवर अपलाइन, म्हणजे तिला आणणारा वरचा माणूस, म्हणून नाव तुझं असेल.

यावर तू म्हणशील, मावशी, आपणही होस्टिंग कंपन्यांच्या लिंक देतोच की, त्यावर आपल्यालाही कमिशन येतं. येतं, आणि त्यात वावगं काही नाही. पण ती लिंक घ्यायला आपण एक रुपया भरलेला नाही. गिऱ्हाइकाने खरंच होस्टिंग घेतलं तरच आपल्याला एकदा पैसे मिळतात, त्याने पुढे कुणाला आणलं त्याचा आपल्याशी संबंध नाही. लिंक देताना "यात मला कमिशन आहे" हे आपण तोंडावर सांगतो. आणि त्या माणसाने उद्या माझं तोंड बघायचं सोडलं तरी त्याची साइट चालू राहते, कारण खातं त्याचं असतं. या चारही गोष्टी तुझ्या पीडीएफशी ताडून बघ.

मित्राला फक्त एक प्रश्न विचार, भांडणाच्या सुरात नको. तुमच्याकडे आयडी न लावता नुसती वेबसाइट चालवणारी गिऱ्हाइकं किती आहेत? तिघांची नावं दे, मी दुकानात जाऊन बोलून येतो. नावं मिळाली तर मला फोन कर, मी माझं म्हणणं मागे घेईन. बहुधा तो तुला अपलाइनकडे नेईल, अपलाइन मुंबई नाक्याच्या हॉटेलातल्या सेमिनारला बोलावेल आणि तिथे 'निगेटिव्ह लोकांपासून लांब राहा' असं सांगतील. त्या निगेटिव्ह लोकांत तुझे आईवडील आणि मी असू. मित्राला मात्र तोडू नकोस. त्याने स्वतःचे पैसे घातलेत आणि ते सुटावेत म्हणून तो धडपडतोय. तो आत्ता जिथे उभा आहे तिथे मी उभी होते. पुढे कधी तो त्यातून बाहेर पडायचं म्हणाला तर ज्यांच्या आयडी त्याने लावल्यात त्यांची डोमेनं आधी सोडवायला आपण त्याला मदत करू.

आणि पैशांचं. फीचा पहिला हप्ता मी भरते. उपकार म्हणून नाही, कामाचा आगाऊ म्हणून. काम पुष्कळ आहे. २०२७ चा सिंहस्थ जवळ आलाय. पंचवटीतले लॉजवाले, घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणारे, त्र्यंबकच्या वाटेवरचे हॉटेलवाले, सगळ्यांना आता साइट हवी आहे आणि बहुतेकांना फसवलं जाण्याची भीती आहे. वीस गिऱ्हाइकं वर्षाला चार हजारांनी म्हणजे ऐंशी हजार. त्यातून डोमेनचे आणि सर्व्हरचे गेले की चाळीसेक हजार उरतात. लाखांच्या पीडीएफपुढे हा आकडा बारीक दिसतो, मला कळतं. आणि तो झोपेत येत नाही. रात्री दोनला साइट बंद पडली की उठावं लागतं, बॅकअप खरंच उघडतो का ते दर महिन्याला तपासावं लागतं. पण दुसऱ्या वर्षी तीच वीस माणसं आपणहून फोन करतात, "ताई, रिन्यूअलचं बघा." भांडी बाजारातले काका गेले. दुकान आता मुलगा बघतो, आणि त्याच्या साइटचं रिन्यूअल अजूनही माझ्याकडेच असतं.

मंगळवारी अकरा वाजता पंचवटीतल्या एका लॉजच्या काकूंना वेळ दिली आहे. तू ये. लॅपटॉप आण, आणि आधी त्यांच्याच मोबाइलवर त्यांचा ईमेल उघडून दे, पासवर्ड त्यांना वहीत लिहून घ्यायला सांग. डोमेन त्या ईमेलवर घ्यायचं आहे. पैसेही त्यांच्याच खात्यातून जातील.

तुझी,
मावशी