उबुंटूवर पिपने (पायथनची पॅकेजं टाकणारं साधन) जीडॅल ही नकाशांचा डेटा हाताळणारी लायब्ररी टाकताना 'जीडॅल-कॉन्फिग सापडत नाही' असा एरर येतो. काय करू?

पिपवर जीडॅलचा फक्त सोर्स मिळतो. तो मशीनवरच्या सी++ लायब्ररीवर कंपाइल होतो. आधी ॲप्टने (उबुंटूचं पॅकेज टाकणारं साधन) जीडॅल-बिन, लिबजीडॅल-डेव्ह, पायथन३-डेव्ह, बिल्ड-इसेन्शियल टाका. मग जीडॅल-कॉन्फिग या कमांडला लायब्ररीचं व्हर्जन विचारा. उबुंटू 24.04 वर 3.8.4 येतं, पिपलाही नेमकं तेच सांगा. नुसतं नाव दिलंत तर ते सगळ्यात नवं उचलतं आणि बिल्ड आपटतं.

पिपचं सगळं व्हेन्व्हमध्येच (पायथनचं वेगळं, बंदिस्त वातावरण) करा. त्यात आधी सेटअपटूल्स, व्हील आणि नमपाय (आकड्यांच्या ॲरेची लायब्ररी, 2 च्या खालचं व्हर्जन) टाकून पिपला 'नो-बिल्ड-आयसोलेशन' (बिल्डसाठी व्हेन्व्हमधलीच पॅकेजं वापर) हा पर्याय द्या. नाहीतर इन्स्टॉल बिनबोभाट होतं, पण रास्टर (पिक्सेलचं चित्र) ॲरेत वाचताना गाडी अडते.

नुसती शेपफाइल (नकाशातल्या आकारांची फाइल) पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमध्ये ढकलायची असेल तर पायथनचा घाट कशाला? जीडॅल-बिनमधली ओजीआर२ओजीआर ही कमांड पुरते.