तळून उरलेल्या तेलाचं डिझेल होईल का?

प्रश्न: आमचा फरसाणाचा घरगुती व्यवसाय आहे. आठवड्याला तीसेक लिटर तळणीचं काळं तेल उरतं. त्याचं बायोडिझेल होतं म्हणतात. ते घरी करून आमच्या टेम्पोत घालता येईल का? बांधावरच्या करंजाच्या बियांचं तेल चालेल का?
– एक वाचक, वाई

उत्तर: ताई, तेलाचं बायोडिझेल नक्की होतं. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मुलांना हाताशी घेऊन मी ते कित्येक वर्षं केलंय. पण घरी करू नका, हे आधीच सांगतो.

तेलात तीन-तीन मेदाम्लं (फॅटी ॲसिड) एकेका ग्लिसरीनला धरून असतात. लिटरभर तेल ६० अंशांच्या आसपास ठेवून त्यात २०० मिली मिथेनॉल (एक विषारी अल्कोहोल) आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून तासभर ढवळलं, की ग्लिसरीन सुटतं आणि मेदाम्लं मिथेनॉलला जोडली जातात. रात्रभर स्थिर ठेवलं की तळाशी काकवीसारखं ग्लिसरीन बसतं आणि वर मधाच्या रंगाचं, पाण्यासारखं वाहणारं बायोडिझेल येतं. हे दोन थर वेगळे झालेले पाहताना मुलांचे चेहरे उजळायचे.

सगळी मेख तेलात आहे. आमचा पहिला घाणा कँटीनच्या तेलाचा होता. सकाळी बघतो तर भांड्यात दह्यासारखा गोळा! साबण झाला होता. वड्या-भज्यांचं पाणी तेलात उतरलेलं, शिवाय पुन्हा पुन्हा तापवल्याने तेल फुटून सुटी मेदाम्लं वाढलेली; ती सोडा खाऊन टाकतात. तेव्हापासून आधी पळीत थोडं तेल तापवून बघायचो. तडतडलं तर पाणी आहे. मग एक मिली तेल अल्कोहोलमध्ये विरघळवून, फिनॉल्फ्थॅलिन या रंग बदलणाऱ्या दर्शकाचे थेंब टाकून, सोड्याच्या पातळ द्रावणाने गुलाबी रंग येईपर्यंत आम्लता मोजायची. ताज्या तेलाला लिटरमागे साडेतीन ग्रॅम सोडा पुरतो, जुन्याला मोजून जास्त घालावा लागतो.

घरी नको म्हणतो ते मिथेनॉलमुळे. ते साधारण ६५ अंशांना उकळतं आणि आपण तेल तापवतो ६० ला. पेटलं तर उन्हात ज्योत दिसत नाही. चुकून थोडंसं पोटात गेलं तरी दृष्टी जाते, जीवही जाऊ शकतो. जिथे घरची माणसं फरसाण तळतात, तिथे तो डबा नसावा. शिवाय पाण्याने नीट न धुतलेल्या बायोडिझेलमध्ये साबण आणि मिथेनॉल उरतं. टेम्पोचा फिल्टर आणि इंजेक्टर त्याने खराब होतात.

तेल मात्र वाया घालवू नका, मोरीत तर ओतूच नका. निवल्यावर फडक्यातून गाळून कोरड्या, झाकणाच्या डब्यात भरा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये 'रुको' उपक्रम सुरू केला. त्यात नोंदलेले संकलक असं तेल विकत घेऊन बायोडिझेलच्या कारखान्याला देतात. पावती जरूर घ्या. चार पैसे जास्त मिळतात म्हणून गाड्यावाल्याला विकू नका. पुन्हा पुन्हा तापवल्याने तेलात तयार होणारी ध्रुवीय संयुगं (तेल किती खराब झालं त्याचं माप) २५ टक्क्यांवर गेली की ते खाण्यासाठी वापरायला कायद्याने बंदी आहे. ते तेल शेवटी कुणाच्या तरी लेकरांच्या पोटात जातं.

करंजाचं तेलही चालतं, पण त्याची आम्लता बऱ्याचदा जास्त असते. आधी सल्फ्युरिक आम्ल आणि मिथेनॉल वापरून ती उतरवावी लागते, म्हणजे आणखी एक धोक्याची पायरी. बिया खडखडीत वाळवून घाण्यावर द्या आणि तेल विका. पेंड कडू असल्याने गुरांना चालत नाही; ती परत आणून शेतात टाका, खत म्हणून फार चांगली.