गुंतवणूक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा व्यापार करतो आणि उरलेली रक्कम अधूनमधून शेअरमध्ये गुंतवतो. लोखंडाचे खनिज काढणाऱ्या एका कंपनीचे शेअर माझ्याकडे तीन वर्षांपासून आहेत. लाभांश चांगला मिळतो आणि नफ्याच्या मानाने भाव स्वस्त वाटतो. मात्र यंदाच्या वार्षिक अहवालात दीर्घ मुदतीचे कर्ज एकदम वाढलेले दिसले. आमचे एक नातेवाईक म्हणतात, ‘कर्ज भागभांडवलापेक्षा कमी आहे ना, मग काळजी कशाला?’ त्यांचे म्हणणे बरोबर आहे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : कर्ज आणि भांडवल यांचे गुणोत्तर पाहणे चूक नाही, पण खाणकंपनीच्या बाबतीत ते सर्वांत कमी उपयोगाचे माप आहे, असे माझे मत आहे. या गुणोत्तरातील भांडवल म्हणजे भागभांडवल आणि साठलेली गंगाजळी (आजवर न वाटता कंपनीत ठेवलेला नफा) यांची बेरीज, आणि तेजीच्या दोन-तीन वर्षांत ती इतकी फुगते की मोठे कर्जही तिच्यापुढे किरकोळ दिसू लागते. कर्जाचे हप्ते मात्र गंगाजळीच्या आकड्यातून नव्हे, तर त्या-त्या वर्षी हाती येणाऱ्या रोख रकमेतून फेडावे लागतात.

प्रथम कर्जाचा पूर्ण आकडा काढावा. ताळेबंदातील बिगर-चालू देण्यांखाली जे कर्ज दिसते, ते पूर्ण कर्ज नसते. येत्या बारा महिन्यांत फेडायचा हप्ता त्यातून वगळून चालू देण्यांतील अल्पमुदतीच्या कर्जात दाखवला जातो. भाडेपट्ट्यांची देणी वेगळ्या ओळीत असतात. खाण बंद करताना जमीन पूर्ववत करण्यासाठी जो खर्च करावा लागतो, त्याची तरतूद ‘तरतुदी’ या सदराखाली असते. ही तरतूद बँकेचे कर्ज नव्हे, पण खाण संपेल त्या दिवशी ती चुकवावीच लागते. म्हणून मी ती कर्जाच्या बाजूला धरतो. या बेरजेतून कंपनीजवळची रोख रक्कम वजा केली की निव्वळ कर्ज मिळते.

आता समजुतीसाठी एक काल्पनिक कंपनी घेऊ. तिचे निव्वळ कर्ज 2,500 कोटी रुपये आहे, वार्षिक विक्री 4,000 कोटींची आणि खाण चालवण्याचा खर्च 2,600 कोटींचा आहे. व्याज व घसारा (यंत्रांच्या झिजेपोटी धरलेली रक्कम) धरण्यापूर्वीचा नफा 1,400 कोटी झाला, म्हणजे कर्ज या नफ्याच्या सुमारे पावणेदोन पट. कोणतीही बँक एवढ्यावर समाधानी असते. पुढच्या वर्षी खनिजाचा भाव 20 टक्क्यांनी उतरला, तर विक्री 3,200 कोटींवर येईल. डंपरचे डिझेल, मजुरी आणि स्फोटके यांचा खर्च मात्र खनिजाचा भाव पडला म्हणून कमी होत नाही. नफा 600 कोटींवर घसरेल आणि तेच कर्ज नफ्याच्या चौपटीहून अधिक होईल. त्या 600 कोटींतून 270 कोटी व्याजापोटी आणि 150 कोटी यंत्रसामग्रीच्या देखभालीसाठी गेले, तर 180 कोटी उरतात. आणि त्या वर्षीचा मुद्दलाचा हप्ता 600 कोटींचा असेल, तर कंपनीला नवे कर्ज काढावे लागेल, मालमत्ता विकावी लागेल किंवा पडत्या भावाने नवे शेअर काढावे लागतील. यांपैकी शेवटच्या मार्गाचा भार सरळ आपल्यासारख्या भागधारकांवर पडतो.

हे केवळ कागदावरचे भय नाही. 2015 मध्ये तांबे आणि कोळसा यांचे भाव कोसळले, तेव्हा ग्लेनकोअर या मोठ्या खाणकंपनीने कर्ज कमी करण्यासाठी लाभांश थांबवला आणि सुमारे अडीच अब्ज डॉलरचे नवे शेअर विकले. तरीही 28 सप्टेंबर 2015 या एका दिवसात तिचा शेअर जवळजवळ 29 टक्क्यांनी पडला. म्हणून वार्षिक अहवालातील कर्जाच्या टिपेत कोणत्या वर्षी किती रक्कम परत करायची आहे, व्याजदर स्थिर आहे की बदलता आणि कर्ज रुपयांत आहे की डॉलरमध्ये, या तीन गोष्टी अवश्य वाचाव्यात.

माझ्या मते याहूनही महत्त्वाचा प्रश्न असा, की आधी काय संपते : कर्ज की खाण? तासगावकडे द्राक्षबागेसाठी कर्ज काढणारा शेतकरी बाग उतरणीला लागण्यापूर्वी हप्ते संपतील असा हिशेब करतो. खाणीला हाच हिशेब अधिक कडकपणे लागू होतो, कारण बाग पुन्हा लावता येते आणि खनिज पुन्हा तयार होत नाही. सिद्ध साठा भागिले वार्षिक उत्पादन एवढ्या साध्या भागाकारातून खाणीचे उरलेले आयुष्य समजते. त्याशिवाय खाणपट्ट्याचीही, म्हणजे खनिज काढण्याच्या परवानगीचीही, मुदत असते. 2015 मधील कायदादुरुस्तीनंतर पट्टे लिलावाने आणि 50 वर्षांसाठी दिले जातात; जुन्या पट्ट्यांपैकी स्वतःच्या कारखान्यासाठी नसलेल्या बहुतेकांची मुदत 31 मार्च 2020 रोजी संपली. गोव्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये 88 पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून तेथील खाणी थांबल्या. अशा वेळी खनिज जमिनीत असते, पण ते काढता येत नाही, आणि बँकेचे व्याज चालूच राहते.

शेवटी ‘आकस्मिक देणी’, म्हणजे पुढे द्यावी लागू शकतील पण अजून नक्की न झालेली देणी, ही टीप पाहावी. खनिजयुक्त जमिनीवर कर लावण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2024 रोजी मान्य केला आणि 14 ऑगस्टच्या आदेशाने 1 एप्रिल 2005 पासूनची थकबाकी 1 एप्रिल 2026 पासून बारा वर्षांत हप्त्यांनी वसूल करण्यास मुभा दिली. ज्या राज्याने असा कर लावलेला आहे तेथे आपल्या कंपनीची खाण असेल, तर ही रक्कम आज कर्जात दिसत नसली तरी उद्याच्या रोख रकमेवर तिचा हक्क आहे. कंपनीची कर्ज फेडण्याची कुवत जोखणाऱ्या पतमानांकन संस्थांचे टिपण संकेतस्थळांवर विनामूल्य मिळते. कंपनीच्या अध्यक्षांच्या निवेदनापेक्षा मी ते आधी वाचतो.

प्रश्न : मग कर्ज नसलेलीच खाणकंपनी निवडली तर हा सगळा खटाटोप वाचेल ना? (एक वाचक, कऱ्हाड)

उत्तर : बराचसा वाचेल, पूर्ण नाही. आज कर्ज नसलेली कंपनी उद्याही तशीच राहील, याची हमी तिच्या प्रवर्तकाच्या, म्हणजे तिच्यावर ताबा असलेल्या मुख्य मालकाच्या, गरजांवर अवलंबून असते. जस्ताच्या खाणी चालवणाऱ्या हिंदुस्तान झिंकने 2022-23 मध्ये प्रत्येक शेअरमागे एकूण 75.50 रुपये लाभांश दिला; ही रक्कम त्या वर्षीच्या नफ्याच्या सुमारे तिप्पट होती, आणि त्याच वर्षात कंपनीची गंगाजळी घटून कर्ज वाढले. मूळ प्रवर्तक कंपनीवर स्वतःचे मोठे कर्ज असेल, तर ती उपकंपनीकडून लाभांशाच्या रूपाने रोख रक्कम वर ओढते. भागधारकांना तो लाभांश गोड लागतो, हे खरे. पण तो नफ्यातून आला की शिलकीतून, हे रोखप्रवाह पत्रकातून तपासावे. प्रवर्तकाने किती शेअर तारण ठेवले आहेत, हा तपशील दर तिमाहीला शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर भागधारणेच्या तक्त्यात प्रसिद्ध होतो. सलग दोन-तीन तिमाहींत तो आकडा चढत असेल, तर ताळेबंदात कर्जाची ओळ कोरी असली तरी प्रवर्तकाच्या कर्जाचाही अभ्यास करावा लागेल.