स्कॅन झालाय, रिपोर्ट यायचाय

महिनाभरात आलेली पत्रे वेगवेगळ्या गावांतून आली, तरी प्रश्न एकच आहे. कॅन्सरचे उपचार संपले, तपासणीचा स्कॅन झाला, आता रिपोर्ट हाती येईपर्यंतचे दिवस काढायचे कसे? ओपीडीतही मी रोज हेच ऐकतो. म्हणून या वेळी एवढ्याच विषयावर उत्तरे देतो.

प्रश्न (म्हापसा) : स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपून दीड वर्ष झाले. मॅमोग्राफीची तारीख जवळ आली की आठवडाभर आधी झोप उडते, पोटात गोळा येतो. शेजारीण म्हणते, इतकी काळजी केलीस तर आजार उलटेल. खरे का?

उत्तर : नाही. काळजीने कॅन्सर उलटतो याला ठोस पुरावा नाही, आणि घाबरलेल्या बाईला असे बोलून आणखी घाबरवणे मला अजिबात मान्य नाही. तुम्हाला होते ते इतके सर्रास आहे की त्यासाठी ‘स्कॅन्झायटी’ असा वेगळा शब्द रूढ झाला आहे. ज्या तपासणीने एकदा वाईट बातमी दिली, तिच्यासाठी पुन्हा जाताना जीव धास्तावणारच.

काळजी दाबू नका, तिला वेळ नेमून द्या. संध्याकाळी वीस मिनिटे मनात येईल ते वहीत लिहा आणि वही मिटा. रात्री विचार आला तर ‘उद्या वहीत’ एवढेच स्वतःला सांगा. झोप लागत नसेल तर अंथरुणात तळमळत राहू नका; उठून बसा, डोळे जड झाले की परत जा. हे करूनही दोन आठवडे जेवणखाण आणि झोप सुधारली नाही, तर तुमच्या डॉक्टरांना सांगा. गोव्यात बांबोळीला आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ भेटतात. जगणे नकोसे वाटू लागले तर मात्र एक दिवसही थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.

प्रश्न (फोंडा) : यजमानांची झोपेची गोळी घरात आहे. रिपोर्ट येईपर्यंत अर्धी घेऊ का?

उत्तर : नको. अशा काही गोळ्यांची सवय लागते, आणि वेदनेसाठी मॉर्फिनसारखे औषध चालू असेल तर श्वासावरही परिणाम होऊ शकतो. स्वतःसाठी वेगळी चिठ्ठी लिहून घ्या.

प्रश्न (काणकोण) : पेट स्कॅन करून घरी आल्यावर नातवाला कडेवर घेतले तर चालेल?

उत्तर : त्या दिवशी नको, दुसऱ्या दिवसापासून खुशाल घ्या. स्कॅनसाठी टोचलेल्या औषधाचा किरणोत्सर्ग सुमारे ११० मिनिटांत निम्मा होतो. घरात कोणी गरोदर असेल तर तिच्यापासूनही त्या दिवशी लांब बसा. स्कॅन केंद्राने वेगळे सांगितले असेल तर त्यांचे ऐका.

प्रश्न (डिचोली) : आईचा पेट-सीटीचा रिपोर्ट रात्री मोबाईलवर आला. त्यात ‘माइल्ड अपटेक’, ‘इनडिटरमिनेट’, ‘क्लिनिकल कोरिलेशन’ असे शब्द आहेत. डॉक्टरांची भेट पाच दिवसांनी आहे. इंटरनेटवर अर्थ शोधला आणि घरात सगळेच हादरलो. काय करावे?

उत्तर : उद्या सकाळी पहिला फोन ओपीडीत करा, रिपोर्ट आल्याचे सांगा आणि भेट अलीकडे मिळते का ते विचारा. आता मोबाईल बाजूला ठेवून पुढचे नीट वाचा.

हा रिपोर्ट म्हणजे स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांनी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना लिहिलेले पत्र असते. त्यातली भाषा घरच्यांसाठी नसते. पेट स्कॅनमध्ये टोचतात ती एक प्रकारची साखर. कॅन्सरच्या पेशी ती अधाशासारखी ओढून घेतात, म्हणून चमकतात. पण भरत आलेली जखम, जंतुसंसर्ग, क्षयरोगाची गाठ, रेडिएशनने आलेली सूज, सगळेच ती साखर घेतात. दंडावर नुकतीच लस घेतली असेल तर काखेतल्या गाठीही चमकू शकतात. रेडिएशनची सूज ओसरावी म्हणूनच डोके-मानेच्या कॅन्सरमध्ये रेडिएशन संपल्यावर पेट स्कॅनसाठी साधारण १२ आठवडे थांबतात. ‘माइल्ड अपटेक’ म्हणजे साखर थोडीशी ओढली गेली. ‘इनडिटरमिनेट’ म्हणजे नुसत्या चित्रावरून सांगता येत नाही. ‘क्लिनिकल कोरिलेशन’ म्हणजे रुग्णाला समोर बसवून, तपासून, मग अर्थ लावा. तुमच्या आईच्या बाबतीत त्याचा अर्थ काय, हे तिला तपासणारे डॉक्टरच सांगू शकतील. मी इथून सांगणे चुकीचे ठरेल.

मागे एक बाई माझ्यासमोर बसल्या. रिपोर्टची घडी उघडून उघडून फाटायला आली होती आणि फुफ्फुसातल्या ८ मिलिमीटरच्या गाठीखाली लाल पेनाने तीन रेघा होत्या. चार रात्री त्यांनी सोप्यावर बसून काढल्या होत्या. मी जुनी सीडी मागितली, ती पिशवीच्या तळाशी होती. दोन वर्षांपूर्वीच्या स्कॅनमध्ये तीच गाठ, तेवढीच, त्याच जागी. स्कॅन करताना ती सीडी कोणी मागितलीच नव्हती. रात्री दहाला मोबाईलवर रिपोर्ट ढकलायचा आणि समजावून सांगायला माणूस नाही, या पद्धतीवर माझा राग आहे. रुग्णाला रिपोर्ट मिळालाच पाहिजे, पण सोबत उत्तर देणारे कोणीतरी हवे.

म्हणून स्कॅनची तारीख घेतानाच चार गोष्टी विचारून ठेवा: रिपोर्ट किती दिवसांत येईल, तो कोण समजावेल, प्रत्यक्ष की फोनवर, आणि नाही आला तर कोणाला विचारायचे. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) असो, खासगीत असो किंवा कोकणकन्येने मुंबईला टाटात जात असाल, हे विचारल्याशिवाय उठू नका. जुने स्कॅन बरोबर न्या. आणि उशीर झाला म्हणजे काही वाईट सापडले, असा अर्थ काढू नका. बहुतेक वेळा जुने-नवे ताडून बघायला वेळ लागतो किंवा काम साचलेले असते.

प्रश्न (पेडणे) : एक लॅब सवलतीत कॅन्सर मार्करचे पॅकेज देते, रक्त घरी येऊन नेतात. रिपोर्टची वाट बघण्यापेक्षा ते करून घेतले तर जीव शांत होईल का? कोणी लक्ष्मणफळही खायला सांगते.

उत्तर : दोन्ही नको. मार्कर म्हणजे काही कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारे पदार्थ, पण ते इतर कारणांनीही वाढतात. त्यातला सीए-१२५ पाळीत आणि यकृताच्या आजारातही वाढतो, सीईए बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत वाढलेला असू शकतो. एक आकडा लाल छापून आला की तुमची काळजी दुप्पट होणार आणि लॅब पुढची तपासणी विकणार. कोणता मार्कर, कोणाला आणि कधी, हे आजारावरून ठरते. स्तनाच्या कॅन्सरनंतर तक्रार नसेल तर सहसा डॉक्टरांची तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी पुरते. लक्ष्मणफळाने कॅन्सर बरा होतो हे माणसांत सिद्ध झालेले नाही, आणि त्यातला एक घटक मज्जातंतूंना अपाय करतो असे आढळले आहे. पानांचा काढा तर मुळीच घेऊ नका.

प्रश्न (कुडचडे) : तीन महिन्यांचा सीटी चवथीच्या (गणेश चतुर्थी) आदल्या आठवड्यात आला आहे. काही निघाले तर सणावर विरजण पडेल. पुढे ढकलू का?

उत्तर : मनाने ढकलू नका. दोन-चार दिवस इकडेतिकडे होऊ शकतात, पण ते तुमच्या डॉक्टरांना विचारून. माझ्या अनुभवात चवथीनंतर म्हणणारे दिवाळीनंतर येतात. तपासणी टाळली तरी गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधताना मनात तोच विचार राहणार. उद्याच फोन करा, आणि रिपोर्ट समजून घेण्याची वेळही तेव्हाच मागून घ्या.